घरांतील विज्ञान : डिंकाची पारख

पौष पौर्णिमेस म्हसा येथें खांबलिंगेश्वराची यात्रा भरते, आणि त्याच थंडींत आमच्या घरीं डिंकाचे लाडू वळले जातात. मुरबाड-शहापूरच्या रानांत धावडा व कांडोळ हीं दोन्ही झाडें आहेत. डिंक दोहोंसही येतो. गुण मात्र भिन्न.

धावड्याचा डिंक तुपांत तळला असतां आंतील ओलाव्याची वाफ होऊन फुलतो. लाडवांस तोच घ्यावा. कांडोळाचा डिंक पाणी शोषून अनेक पटींनीं फुगतो. तो कोरडा गिळल्यास घशांत अडकण्याचें भय असतें. खडा रात्रभर पाण्यांत ठेवावा : बहुतांशीं विरघळला तर धावड्याचा, थलथलीत गोळा झाला तर कांडोळाचा.

दोन्ही डिंक म्हणजे शर्करांच्या लांब सांखळ्या होत. आपल्या पाचक रसांनीं त्या तुटत नाहींत. आंतड्यांतील सूक्ष्म जंतु धावड्याच्या डिंकाच्या सांखळ्या तोडतात; कांडोळाच्या मात्र फारच थोड्या तोडतात. मातींत पडल्यास मातींतील जंतु तेंच कार्य करतात.

परंतु डिंक हा झाडाच्या जखमेचा पाझर आहे. अधिक लोभानें कुऱ्हाडीचे खोल घाव घातले तर कांडोळ वाळून मरतो. म्हणून बेतानें चीक काढून आणलेल्या डिंकास चार पैसे अधिक पडले, तरी भगिनींनीं ते आनंदानें द्यावे, अशी आमची विनंती आहे.