घाई पार्टीची, डिझेल आपलं

उरल्याच्या कारखान्यातून माल भरलेली पिकअप टाटीबंध ओलांडून नागपूरच्या रस्त्याला लागली की ड्रायव्हरचा पाय आपोआप जड होतो. समोर चौपदरी हायवे, मागे ट्रेलरचा हॉर्न आणि फोनवर पार्टी विचारतेय, "भाऊ, कुठपर्यंत आलात?" काटा ८० वर टेकतो. ज्या घरांची चूल अशा एका गाडीवर पेटते, त्यांनी या काट्याचा हिशोब एकदा मांडून बघावा.

इंजिनाला दोन गोष्टींशी झगडावं लागतं: वजन आणि हवा. सपाट रस्त्यावर वजनाचा त्रास वेग वाढवला तरी फारसा वाढत नाही. हवा मात्र हिशोब चुकता करते. तिचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६० वरून ८० वर गेलात तर वेग वाढतो फक्त एक तृतीयांश, पण हवेचा अडथळा होतो पावणेदोन पटीहून थोडा जास्त. पिकअपचं तोंड कारसारखं निमुळतं नसतं, शिवाय मागे उघडा डाला. त्यामुळे हा फटका तिला जास्तच बसतो.

आता गंमत बघा. उरल्याची सळई, म्हणजे इथल्या बोलीतला सरिया, जड असते पण डाल्यात खाली पसरून बसते. हवेला ती फारशी सापडत नाही. याउलट गाद्या किंवा कूलर वजनाला हलके, पण केबिनच्या वर हातभर चढवलेले असले की अख्खी भिंत उचलून पळवल्यासारखं होतं. ताडपत्री सैल असेल तर विचारूच नका.

आणि परतीची फेरी? गाडी रिकामी, घरची ओढ, "आता काय, हलकी आहे" म्हणून जोरात. पण रिकाम्या गाडीत वजनाचा खर्च कमी झालेला असतो, हवेचा तसाच उरतो. म्हणजे सावकाश येण्याचा फायदा टक्केवारीत सगळ्यात जास्त मिळतो तो परतीलाच.

रायपूर ते नागपूर सुमारे २९० किलोमीटर. सोयीसाठी धरा की तुमची गाडी ६० च्या आसपास लिटरला १४ देते आणि ८० ला ११. एका बाजूला साधारण पावणेसहा लिटरचा फरक पडला. महिन्यात आठ वेळा जाऊन-येऊन केलंत तर नव्वद लिटरच्या वर! डिझेल ९५ रुपये धरलं तरी साडेआठ हजार. मुलांची शाळेची फी म्हणा, नाहीतर गाडीचा अर्धाअधिक हप्ता.

बदल्यात मिळतं काय? कागदावर सव्वा तास. प्रत्यक्षात दुर्ग, राजनांदगावची गर्दी, टोल, देवरीकडचा चढ-उतार यांत त्यातला बराचसा विरघळतो. जो काही वेळ वाचतो तो पार्टीचा, डिझेल मात्र गाडीमालकाचं. भाडं ठरवताना "लवकर पाहिजे" याचे वेगळे पैसे मागायला आपल्याकडे लोक का लाजतात, मला कळत नाही.

केंद्र सरकारच्या पेट्रोलियम मंत्रालयाखालची पीसीआरए ही संस्था १९७८ पासून इंधन बचतीचं काम करते. ८० ऐवजी ४५ ते ५५ ने चालवलं तर ४० टक्क्यांपर्यंत जास्त मायलेज मिळू शकतं, असं ती सांगते. तो आकडा कारचा आहे, हे लक्षात ठेवा. अमेरिकेने तर तेलटंचाईनंतर १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे ८८ किलोमीटरची मर्यादा कायद्याने लावली होती. आपल्याकडे मालगाड्यांना चौपदरी हायवेवर ८० चीच मर्यादा आहे, पण ती मर्यादा आहे, सक्ती नाही.

अगदी हळू चालवणंही परवडत नाही. उरल्यातल्या ट्रेलरच्या रांगेत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडताना डिझेल जळतच असतं. वरच्या गिअरमध्ये इंजिन न गुरगुरता चालेल, असा ५० ते ६० चा सारखा वेग बरा. आणि डाल्याचा मागचा फाळका उघडा ठेवला की हवा निघून जाते, हा समज सोडा. बंद फाळक्यामुळे डाल्यात हवा गोल फिरत राहते आणि वरची हवा तिच्यावरून सरकून जाते. उघडल्याने फायदा होत नाही, उलट थोडं नुकसानच.

माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, स्वतः मोजा. एकाच पंपावर टाकी फुल करा, किलोमीटर लिहा, नेहमीसारखी फेरी मारा, परत तिथेच फुल करा. पुढच्या फेरीत तेवढाच माल, तोच रस्ता, फक्त काटा ६० च्या आत. दोन्ही पावत्या घरी हिशोब ठेवणाऱ्या वहिनींच्या हातात द्या.