कार्ड इथलं, पुस्तक तिथलं

परभणीहून जिंतूर रोडला लागलं की झरी लागतं. माझी मामेबहीण तिथून रोज एसटीनं परभणीला कॉलेजला जाते. बी.एस्सी., दुसरं वर्ष. परवा फोनवर म्हणाली, ‘‘ताई, पुस्तक आमच्या कॉलेजात नाही, दुसऱ्या कॉलेजात आहे. पण आमच्या कार्डावर देईनात की तिथं. विद्यापीठ तर एकच आहे ना?’’

प्रश्न सॉलिड आहे, मंडळी. आपण ऑफिसात बसल्या बसल्या पुस्तक ऑर्डर करतो, त्यामुळे आपल्याला तो पडतच नाही.

तिचं कॉलेज नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाला ‘संलग्न’ आहे. म्हणजे अभ्यासक्रम, परीक्षा आणि डिग्री नांदेडची. इमारत, संस्थाचालक आणि पुस्तकाचं कपाट ज्याचं त्याचं. हे विद्यापीठ १९९४ साली झालं. त्याआधी परभणीची कॉलेजं औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाकडे होती आणि १९५८ पूर्वी मराठवाड्यातल्या पोरांना डिग्रीसाठी थेट हैदराबादच्या उस्मानियाकडे बघावं लागे. तेव्हा विद्यापीठ जवळ येत गेलंय, हे खरं. मोठं मध्यवर्ती ग्रंथालय मात्र अजून नांदेडलाच. झरीहून तिथं जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो.

गंमत म्हणजे दुसरा प्रकारही परभणीतच आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाची (आता वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) ‘घटक’ महाविद्यालयं विद्यापीठ स्वतः चालवतं. कृषी, अन्नतंत्र, कृषी अभियांत्रिकी, सगळ्यांचा मालक एक. आणि तिथलं पशुवैद्यक कॉलेज? ते २००० साली नागपूरला झालेल्या पशुविज्ञान विद्यापीठाकडे गेलं. शहर तेच, विद्यापीठ वेगळं!

आता कुणी म्हणेल, ऑक्सफर्डला बघा. बघू या. तिथंही प्रत्येक कॉलेजची लायब्ररी मुख्यतः आपापल्या पोरांसाठीच असते. पण सगळ्यांच्या डोक्यावर बॉडलियन आहे, १६०२ पासून, चालत जाण्याच्या अंतरावर. नियम इतका कडक की १६४५ साली राजा पहिल्या चार्ल्सनं पुस्तक मागवलं, तर ग्रंथपालानं चक्क नाही म्हणून सांगितलं. घरी न्यायचं नाही. इथंच बसून वाचा. बसून वाचायला मात्र जागा आहे.

माझ्या मते खरी मेख इथंच आहे. दुसऱ्या कॉलेजनं पुस्तक घरी द्यावं, असं मी म्हणत नाही. हरवलं तर भरून कोण देणार? पण आयकार्ड दाखवून दुपारी दोन तास बसून वाचू द्यायला काय हरकत आहे? कपाटातलं पुस्तक वाचून झिजलं तर बिघडलं कुठे?

‘सगळं ऑनलाइन मिळतं गं’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. शोधगंगावर पीएच.डी.चे प्रबंध फुकट आहेत, कृषिकोशावर शेतीचे. छानच. २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मध्ये १३ हजारांवर जर्नल्स उघडलीत, पण पहिला टप्पा केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांचा आहे, खासगी संस्थेच्या कॉलेजातल्या पोरीचा नाही. आणि दुसऱ्या वर्षाला जर्नल नको असतं हो, क्रमिक पुस्तक हवं असतं. जाडजूड, महागडं, मागे उदाहरणं असलेलं.

तिला म्हटलं, प्राचार्यांच्या सहीनं दुसऱ्या कॉलेजच्या ग्रंथपालांना एक पत्र दे. फक्त वाचायला बसू द्या, एवढंच लिही. तिनं दिलंय. आता संध्याकाळच्या गाडीआधी किती वेळ बसता येईल, याचा हिशेब चाललाय.