आणिक आगारातली मुंबई
चेंबूरकरांनी मुलांना घेऊन शेजारच्या आणिक आगारातलं बेस्टचं संग्रहालय पाहावंच. १८७४ साली मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७मध्ये विजेची आली आणि ३१ मार्च १९६४च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. तो काळ इथे छोट्या प्रतिकृतींतून, जुन्या तिकिटांतून भेटतो. राजेरजवाड्यांच्या तलवारी पुष्कळ ठिकाणी जपतात, कंडक्टरची तिकिटं जपणारी जागा विरळाच, आणि मला तीच अधिक मोलाची वाटते. खुद्द चेंबूरलाही अशी जागा हवी. १९४८मध्ये स्थापन झालेल्या इथल्याच आर. के. स्टुडिओला २०१७मध्ये आग लागली, चित्रपटांतले पोशाख जळाले, पुढे जागाही विकली गेली. टिळकनगर, घाटल्यातल्या घराघरांत अजून जुने फोटो, रेशनकार्डं असतील. महापालिकेने एक खोली दिली, तर ती आजच गोळा करायला घेता येतील.