गुणांचा ‘आयएनआर’ कोण काढणार?

ओपीडी संपत आली होती, तेव्हा एक वडील दहावीच्या मुलीला घेऊन आले. “डॉक्टरसाहेब, दोन दिस झालं पोटात दुखतंय म्हणती. जेवंना.” पोट तपासलं, मऊ होतं. ताप नाही, उलटी नाही. निकाल लागून आठवडाही झाला नव्हता, म्हणून सहज विचारलं, “किती पडले गं?” तर ती रडायलाच लागली. ८९ टक्के पडले होते.

आमच्या वेळी एवढ्या गुणांवर नातेपुत्यात पेढे वाटले असते. मी दोन्ही गुणपत्रिका मागवून घेतल्या, तिची आणि तिच्या आतेबहिणीची. दुखणं तिथंच होतं. सर्वोत्तम पाच विषयांत लेखी परीक्षेचे ४०० गुण असतात. त्यात हिला ३७०, बहिणीला ३५८. तोंडी, प्रात्यक्षिक, अंतर्गत मूल्यमापनाचे १०० गुण शाळेच्या हातात. हिच्या शाळेनं ७५ दिले, बहिणीच्या शाळेनं शंभरपैकी शंभर. बेरीज केली की ही ८९ वर आणि बहीण ९१.६ वर. पुण्याच्या ज्या कॉलेजवर दोघींची नजर होती, तिथं बहिणीला आशा होती, हिला नव्हती. हिची शाळा खासगी आणि कडक म्हणून ओळखली जाते. प्रयोगवही अपुरी असेल तर तिथं गुण कापतात, पाठांतर करून बोललेलं ओळखतात. वडिलांनी याच कडकपणासाठी तिला तिथं घातलं होतं. धाकटा मुलगाही तिथंच आठवीत आहे. “मग त्याचा दाखला काढू का?” हा त्यांचा मला प्रश्न होता.

मला आठवली ती हृदयाची झडप बदललेल्या रुग्णांची रक्ततपासणी. या रुग्णांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते आणि रक्त किती सेकंदांत गोठतं हे पाहून डोस ठरतो. ते गोठवायला प्रयोगशाळा जे रसायन वापरते, ते प्रत्येक कंपनीचं कमी-जास्त संवेदनशील असतं. त्यामुळे एकाच माणसाच्या रक्ताचे दोन ठिकाणी वेगवेगळे सेकंद यायचे. अमेरिकेत कमी संवेदनशील रसायन चालायचं. तिथले डॉक्टर आकडा गाठायला गोळी वाढवत नेत आणि रुग्णांना रक्तस्राव होई. अखेर १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ‘आयएनआर’ ही पद्धत आणली. रसायनाच्या प्रत्येक बॅचला त्याच्या संवेदनशीलतेचा अंक जोडला आणि तो हिशेबात धरूनच अहवाल द्यायचा असं ठरलं. आज नातेपुत्याचा आणि पुण्याचा आयएनआर शेजारी ठेवून वाचता येतो. शाळेच्या वीस गुणांना असा अंक कुणी जोडलेला नाही.

हे आपल्या राज्यानं फार मोठ्या प्रमाणावर अनुभवलं आहे. राज्य मंडळानं भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले आणि दहावीचा निकाल २०१८ च्या ८९.४१ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ७७.१० वर आला. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवा होता, हे खरं. पण इतर मंडळांची मुलं अकरावीच्या यादीत वर जाताहेत म्हणून ओरड झाली, जागा वाढवाव्या लागल्या, अंतर्गत गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. वर्षभरात मुलं एवढी हुशार झाली नव्हती. परीक्षाच झाली नाही त्या २०२१ मध्ये तर ९९.९५ टक्के उत्तीर्ण! माझ्याकडे एखाद्या प्रयोगशाळेतून असा अहवाल आला असता तर मी आधी यंत्र तपासायला सांगितलं असतं.

यावर उपाय शोधले गेले नाहीत असं नाही. २००८ चं पर्सेंटाइल सूत्र आणि २००९ चा ९०:१० कोटा, दोन्ही उच्च न्यायालयात टिकले नाहीत. २०२१ ची अकरावीची सीईटीही न्यायालयानं रद्द केली. प्रत्येक वेळी भांडण होतं मंडळा-मंडळांतलं. एकाच मंडळातल्या, एकाच तालुक्यातल्या दोन शाळांच्या मोजपट्ट्या वेगळ्या असतात, याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

गुणांशेजारी शाळेची सरासरी छापली तर? मलाही आधी हेच सुचलं होतं. पण २०१३ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात सॅम्युएल स्विफ्ट आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. प्रवेशाचं काम रोज करणाऱ्या अनुभवी लोकांसमोर त्यांनी अर्जदारांचे गुण ठेवले, त्यांच्या संस्थेची सरासरीही ठेवली. तरी झुकतं माप मिळालं ते सढळ हातानं गुण देणाऱ्या संस्थांतल्या मुलांना. माणसाचं मन मोठ्या आकड्याला भुलतं, शेजारी काहीही लिहिलेलं असो. म्हणजे दुरुस्ती वाचणाऱ्यावर सोपवायची नाही, ती आकड्यातच व्हायला हवी.

आणि ते अवघड नाही. मंडळाकडे प्रत्येक शाळेची लेखी सरासरी असते आणि अंतर्गत गुणांचीही असते. जी शाळा लेखीत ८० पैकी ४५ च्या आसपास रेंगाळते आणि तोंडीत सरसकट २० वाटते, तिचे वीस आपोआप खाली यावेत. कडक शाळेचे पंधरा वर जावेत. २०२१ मध्ये परीक्षा नसताना सीबीएसईनं शाळांचे गुण आधीच्या तीन वर्षांतल्या सर्वोत्तम सरासरीला बांधलेच होते. लहान वर्गाच्या शाळेत असा हिशेब डळमळेल, तिथं दोन-तीन वर्षांचे आकडे एकत्र धरावे लागतील. आता अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला आहे, संगणकाला हा गुणाकार जड नाही.

सढळ गुणांत मुलाचं कल्याण आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी दिवाळीनंतर माझ्या ओपीडीत यावं. तेव्हा येणारी मुलं वेगळी असतात. दहावीला वीसपैकी वीस घेऊन शास्त्र शाखेत गेलेली, पहिल्या चाचणीत आयुष्यात प्रथमच नापास झालेली. झोप नाही, छातीत धडधड, हात थंडगार. मी ईसीजी काढतो, तो चांगला येतो. दोन वर्षं ‘सर्व नॉर्मल’ असा खोटा अहवाल हातात दिल्यावर तिसऱ्या वर्षी आजार अंगावर येतो, तसं हे होतं. एका मुलानं मला विचारलं होतं, “सर, मी खराब झालोय का?” तो खराब झाला नव्हता. त्याला खरा आकडा उशिरा सांगितला गेला होता, एवढंच.

मुलीच्या वडिलांना मी हे सगळं सांगितलं नाही, बाहेर रांग होती. तुमच्या मुलीचा लेखीचा आकडा खरा आहे आणि बारावीनंतर ‘नीट’ला तोच उपयोगी पडेल, इतकं म्हणालो. खोटं नव्हतं ते. पण पुण्याची ती जागा त्यानं परत येत नाही, हे त्यांनाही कळत होतं.

तिनं जवळच्याच ज्युनिअर कॉलेजात प्रवेश घेतलाय. पोट आता दुखत नाही. धाकट्याचा दाखला वडिलांनी अजून काढलेला नाही. त्या दुसऱ्या शाळेत चौकशी मात्र करून आलेत.