बदक, बोद्रियार आणि सव्वादोन वर्षांची मुलगी

साहित्याच्या वर्गात ज्यांचा उल्लेख वारंवार होतो, पण जेथे शिक्षक आणि विद्यार्थी सहसा गेलेले नसतात, अशा स्थळांची यादी केली तर कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथील डिस्नेलँडचा क्रमांक बराच वर लागेल. उंबेर्तो एको यांच्या हायपररिअ‍ॅलिटीवरील १९७५ सालच्या प्रवासलेखाने आणि झाँ बोद्रियार यांच्या १९८१ सालच्या ‘सिम्युलाक्र ए सिम्युलासिओं’ या ग्रंथाने या उद्यानाला उत्तर-आधुनिक समीक्षेचे जवळजवळ तीर्थक्षेत्र करून ठेवले आहे. आम्हीही हे लेखन भक्तिभावाने वाचले आणि शिकवले आहे. मध्यंतरी तेथे प्रत्यक्ष जाण्याचा योग आला. समीक्षक म्हणून मात्र नव्हे. सोबत एक सव्वादोन वर्षांची मुलगी आणि चार पूर्ण व्हायला आलेला तिचा भाऊ होता. त्या एका दिवसाने आमच्या जुन्या वाचनात जी उलथापालथ केली, तिच्याविषयी येथे लिहावेसे वाटते.

प्रथम समीक्षकांचे म्हणणे थोडक्यात. एको न्यू ऑर्लिन्सला मिसिसिपीवरच्या बोटीत बसले होते. काठावर मगरी दिसतील असे सांगितले गेले, पण त्या दिसल्या नाहीत. त्याआधी चोवीस तासांच्या आतच ते डिस्नेलँडमध्ये होते, आणि तेथील यांत्रिक प्राणी मात्र अगदी वेळेवर, न चुकता हजर होते. निसर्गापेक्षा नक्कल अधिक भरवशाची, म्हणून अधिक हवीहवीशी, हा त्यांचा निष्कर्ष. बोद्रियार आणखी पुढे गेले. डिस्नेलँड उघडपणे खोटे आहे ते बाहेरची अमेरिका खरी वाटावी म्हणून, असे त्यांचे प्रतिपादन. दोन्ही निरीक्षणे तल्लख आहेत यात वाद नाही. पण दोघांच्याही लेखनातला प्रेक्षक प्रौढ आहे. त्याने खरी मगर किंवा निदान खऱ्या मगरीची कल्पना पाहिलेली आहे आणि आता तो नकलेसमोर उभा आहे. ज्या मुलांच्या नावाने हे सारे उभारले गेले, ती मुले या लेखनात जवळपास नाहीतच.

आमच्या सोबतच्या सव्वादोन वर्षांच्या वाचकाने या संहितेचे वाचन कसे केले, ते पाहू. प्रवेशद्वारातून आत गेल्यावर ‘मेन स्ट्रीट’ लागते. तिथल्या इमारतींचे वरचे मजले खालच्यांपेक्षा लहान प्रमाणात बांधलेले असल्याने त्या आहेत त्याहून उंच भासतात, आणि रस्त्याच्या टोकाला राजवाडा दिसतो. नजर तिकडे खेचली जावी अशीच ही सगळी रचना. मुलीने राजवाड्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. तिला कठड्याखाली एक बदक दिसले होते. बदक खरे होते, कोणीही तिथे मुद्दाम न ठेवलेले, आपल्या इच्छेने आलेले. पाऊण तास आम्ही त्या बदकाच्या मागे होतो. ते पाण्यात गेले, बाहेर आले, कुणीतरी सांडलेल्या मक्याच्या लाह्या त्याने खाल्ल्या. राजवाडा समोर उभा होता आणि आमच्यापैकी एकजण सारखा घड्याळ पाहत होता.

भावाची तऱ्हा वेगळी. ‘जंगल क्रूझ’ ही सफर उद्यानाच्या आरंभापासून, म्हणजे १९५५ पासून आहे. वॉल्ट डिस्ने यांना मुळात तेथे जिवंत प्राणी हवे होते, पण असे प्राणी ऐन वेळी झोपून जातील म्हणून यांत्रिक प्राणी आले. १९६२ साली त्यात अंघोळ करणाऱ्या भारतीय हत्तींचा एक डोह घातला गेला. त्या डोहापाशी पोराने विचारले, “हत्ती झोपतो कुठे?” आम्ही शिक्षकी बाण्याने सांगितले, की तो खरा नाही, मशीन आहे. त्याने क्षणभर विचार केला आणि पुन्हा विचारले, “मग मशीन झोपतं कुठे?”

या प्रश्नापुढे एकोंची आणि बोद्रियारांचीही थोडी अडचण होते, असे आम्हांस वाटते. नक्कल मुळाच्या आधी येते ही कल्पना सिद्धान्तात धक्कादायक आहे, पण बालपणात तो नित्याचा क्रम आहे. आपल्याकडच्या कोणत्या मुलाने सिंह आधी गीरच्या जंगलात पाहिला आणि मग चित्राच्या पुस्तकात? शेणाचे घर बांधणारा कावळा आणि मेणाचे घर बांधणारी चिमणी घराघरांत आधी गोष्टीतून येतात, खिडकीवरची चिमणी त्यानंतर ओळखू येते. मूल प्रतिमेतून वस्तूकडे जाते आणि वाटेत दोहोंना सारख्याच आस्थेने झोपण्याची जागा विचारते. हे फसले जाणे नव्हे. खरे-खोटे हा भेद त्याच्या दृष्टीने अजून महत्त्वाचा झालेला नाही, इतकेच. म्हणून लहान मुलांना डिस्नेलँडला नेऊ नये कारण ते खोटे आहे, हा सुशिक्षितांचा आक्षेप आम्हांस टिकणारा वाटत नाही. तो टिकवायचा तर बडबडगीते आणि बाहुल्याही बाद कराव्या लागतील.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी असतो: “त्यांना काही आठवणार नाही, मग एवढा खर्च कशाला?” माणसाला साधारणपणे तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचे काही आठवत नाही, हे खरे. पण आठवण्याच्या अटीवर आपण लहान मुलांसाठी काय काय करतो? मांडीवर थोपटलेल्या रात्री कुणाला आठवतात? त्या आठवत नाहीत म्हणून वाया गेल्या असे कोणी म्हणत नाही. या वयातल्या सहलीची आठवण मोठ्यांनी मुलांच्या वतीने सांभाळायची असते. मुलाकडे अमेरिकेत आलेले मराठी आजी-आजोबा पायांत कळा येत असताना त्या उन्हात बाबागाडीशेजारी बसून राहतात. ते स्वतःसाठी काहीतरी गोळा करीत असतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

तर मग या स्थळाविषयी तक्रार काहीच नाही काय? आहे, पण ती नकलेविषयी नाही, काळाविषयी आहे. रांगेत आमच्या मागे एक मराठी कुटुंब होते. दोनेक वर्षांचा मुलगा रडत होता, त्याला खाली उतरून जमिनीवर बसायचे होते. बाप चांगला, प्रेमळ दिसत होता. तो काकुळतीला येऊन म्हणाला, “अरे, मजा कर ना! एवढ्या लांब कशाला आणलंय तुला?” आम्हांस हसू आले आणि लगेच ते विरलेही, कारण शब्द वेगळे असले तरी तेच वाक्य सकाळपासून आमच्याही मनात होते. बदकापाशी घड्याळ पाहणारे आम्हीच होतो.

“मजा कर” ही आज्ञा येते कुठून? बापाच्या स्वभावातून नव्हे. तिचा उगम आम्हांस तिकिटाच्या रचनेत दिसतो. सुरुवातीच्या काही महिन्यांतच डिस्नेलँडमध्ये कुपनांची पुस्तके आली, आणि १९८२ पर्यंत ती चालली. प्रत्येक खेळाचे कुपन वेगळे, जितके खेळाल तितके फाडायचे, उरलेले घरी न्यायचे. आपल्या जत्रेतला रहाटपाळणाही असाच आहे. एका फेरीचे पैसे दिले, बसलो, उतरलो, व्यवहार संपला. १९८२ नंतर दिवसभराचा एकच परवाना आला. आज दहा वर्षांवरील प्रत्येकाला एका दिवसासाठी शंभर डॉलरहून अधिक मोजावे लागतात. तीन वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. दिवसच विकत घेतला की त्यातला प्रत्येक न वापरलेला क्षण तोटा वाटू लागतो. १९९९ साली आलेला ‘फास्टपास’ विनामूल्य होता. २०२१ पासून त्याच्या जागी पैसे भरून घ्यायची सेवा आली, म्हणजे वाट न पाहण्यालाही भाव आला. ज्याचे तिकीट नाही ते एकमेव गिऱ्हाईक या हिशेबाबाहेर असते. वसुली मात्र त्याच्याच आनंदातून करायची असते. ‘स्पेस माउंटन’ला ४० इंच उंची लागते, तितकी त्याची नसते, त्याच्या वाट्याला ‘डम्बो’ची दोन मिनिटांची फेरी येते आणि तीसाठीची रांग. त्यात त्याला झोप आली, तर तो दोषी ठरतो.

गंमत अशी, की या उद्यानाची जन्मकथा नेमकी याच्या उलट आहे. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये नेत. मुली फिरत्या घोड्यांवर बसत आणि ते बाकावर बसून शेंगदाणे खात. आईबाप आणि मुले मिळून रमतील अशी जागा हवी, हे त्यांना तेथे सुचल्याचे ते स्वतः सांगत. त्या बाकावर बसून राहायला वेळ होता, आणि हेच त्या कथेतले महत्त्वाचे आहे. बाकाची कल्पना पुढे तब्बल १ कोटी ७० लाख डॉलर खर्चून साकार झाली, ती मुख्यतः बाकावरच्या माणसाला उठवण्यासाठी, असे वाटल्यावाचून राहत नाही.

येथे मुल्कराज आनंद यांच्या ‘द लॉस्ट चाइल्ड’ या १९३४ सालच्या कथेची आठवण होते. अनेक वर्षे ती इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकातून शिकवली गेली आहे. जत्रेला निघालेले मूल वाटेत खेळणी, मिठाई, हार, फुगे, फिरते घोडे सगळे मागते. मग आईबाप दिसेनासे होतात. तेव्हा तेच सगळे कोणी देऊ केले तरी त्याला नको असते. वर्गात या कथेचे सार ‘मायेचे महत्त्व’ असे सांगून आपण मोकळे होतो. आम्हांस आता ती वेगळी दिसते. लहान मुलाची जत्रा त्याने धरलेल्या बोटाएवढी असते. बोट हातात असेल तर फुग्याला अर्थ आहे, बदकालाही आहे. आणि बोट सुटण्यासाठी गर्दीच लागते असे नाही. हात धरलेला असतानाही आईबापांचे मन पुढच्या खेळाच्या वेळेकडे गेले, की मूल तेवढ्यापुरते हरवलेलेच असते.

गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड आले, खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका आली. म्हणजे हा प्रश्न आता केवळ परदेशवारीचा नाही. ‘नेऊ नका’ असे आम्ही कोणासही सांगणार नाही. आम्ही पुन्हा जाऊ. पण भरलेले पैसे दारातच बुडीत खात्यात टाकून आत जाऊ. मूल जेथे थांबेल तेथे थांबू आणि त्याला झोप आली की, दुपारचे दोन वाजलेले असले तरी, परत फिरू. साहित्याच्या शिक्षकांना एवढेच सुचवावेसे वाटते, की पुढच्या वेळी बोद्रियार शिकवताना त्या कठड्याखालच्या बदकाचाही उल्लेख करावा. संहितेने जिकडे पाहायला सांगितले तिकडे न पाहणारा वाचक कसा असतो, हे आपण तासचे तास समजावून सांगतो. तो सव्वादोन वर्षांचा असतो, आणि आपण त्याला ओढत राजवाड्याकडे नेत असतो.

त्या दिवशी परतताना मुलगी खांद्यावर झोपली होती. घरी आल्यावर आजीने विचारले, “काय पाहिलंस गं?” ती म्हणाली, “बदक.” आजीला वाटले डोनाल्ड. आम्ही खुलासा केला नाही.