हायवेचं नवं डांबर टाकायच्या आधी एवढं विचारा

सौंदड, कोहमारा, देवरी, शिरपूर. राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या कडेला ज्यांची घरं आहेत, ही पोस्ट आधी त्यांच्यासाठी. बाकीच्यांनीही वाचावी, कारण उद्या समृद्धीचा रस्ता गोंदियापर्यंत आला की तुमच्याही गावाजवळून ट्रक जाणार आहेत.

जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'नॅशनल हायवे सिक्स'च आहे. तिकडे सुरतजवळचं हजिरा, इकडे ओडिशाचं पारादीप, आणि मधे आपण. भिलाई-रायपूरचं लोखंड, सिमेंट, कोळसा, सगळं आपल्या उशाजवळून जातं. रात्री दोन वाजता रिकामा टिप्पर खड्ड्यात आपटला की त्याच्या मागच्या फाळक्याचा जो आवाज होतो, तो हायवेला लागून राहणाऱ्यालाच माहीत. लहान पोरं दचकून उठतात. म्हातारी माणसं उठून बसतात ती बसतातच.

यावर पुढाऱ्यांचं ठरलेलं उत्तर असतं, "सिमेंट रोड करून टाकू." टाळ्या पडतात. अरे पण सिमेंटचा रस्ता टिकतो म्हणून त्याचा आवाज कमी होतो का? घसरू नये म्हणून सिमेंटवर आडव्या रेघा पाडतात, त्यावरून टायर गेला की शिट्टीसारखा घूं-घूं आवाज निघतो. चांगल्या डांबरी रस्त्यापेक्षा तो जास्तच असतो. झोपेची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला सिमेंट रोडचं आश्वासन देणं म्हणजे निव्वळ थट्टा आहे.

दुसरी गंमत 'परदेशी शांत डांबरा'ची. व्हॉट्सॲपवर नेदरलँडचे व्हिडिओ फिरतात. तिथल्या बहुतेक मोठ्या महामार्गांवर सच्छिद्र डांबर आहे, हे खरं. थरात साधारण २० टक्के पोकळी ठेवतात, टायरखाली दाबली गेलेली हवा त्या छिद्रांत शिरते, आवाज मरतो, पाणीही आतून निघून जातं. पण ती छिद्रं बुजू नयेत म्हणून तिथे खास मशिनी लावून रस्ता धुतात आणि घाण ओढून काढतात. आणि तरीही तो थर साध्या डांबरापेक्षा लवकर झिजतो. आता आपल्याकडे बघा. रोवणीच्या दिवसांत केजव्हील लावलेला ट्रॅक्टर बांधीतला चिखल थेट हायवेवर आणून टाकतो. मुरुमाचे टिप्पर ताडपत्री न झाकता धावतात. एका पावसाळ्यात सगळी छिद्रं बंद. म्हणून कुणी हे डांबर विकायला आलं तर मी तरी त्याच्या बाजूने लिहिणार नाही.

मग काय मागायचं? मधला रस्ता आहे, आणि तो आपल्याच देशाच्या नियमावलीत आहे. स्टोन मॅट्रिक्स अस्फाल्ट, एसएमए. जर्मनीत १९६० च्या दशकात निघालेला प्रकार. इंडियन रोड्स काँग्रेसने त्यासाठी एसपी ७९ नावाचं वेगळं मार्गदर्शक पुस्तक काढलं आहे. मोठी खडी एकमेकीत घट्ट अडकलेली, मधे जास्त डांबर आणि तंतू. जड ट्रकखाली चाकोऱ्या लवकर पडत नाहीत आणि टायरचा आवाजही थोडा कमी होतो. नेहमीच्या थरापेक्षा महाग पडतो, हे लपवायचं कारण नाही.

'थोडा' हा शब्द मुद्दाम वापरला. डांबराने दोन-तीन डेसिबल कमी झाले तरी खूप. तीन डेसिबल म्हणजे कानाला जेमतेम जाणवणारा फरक, पण आवाजाच्या हिशेबात रस्त्यावरची निम्मी वाहनं काढून टाकल्यासारखं. आणि हा फायदा गाडी वेगात असते तिथेच. देवरीच्या चौकात ट्रक गिअर बदलत, ब्रेक मारत, हॉर्न दाबत रांगतो. तिथे ऐकू येतं ते इंजिन, टायर नाही. तिथे सोन्याचं डांबर टाकलं तरी उपयोग शून्य.

चौकात लागतो तो पोलीस आणि आरटीओ. कर्णकर्कश, अनेक सुरांच्या हॉर्नवर केंद्रीय मोटार वाहन नियम ११९ प्रमाणे बंदी आहे. विनाकारण हॉर्न वाजवला तर कलम १९४-फ प्रमाणे पहिल्यांदा १००० रुपये, दुसऱ्यांदा २००० रुपये दंड आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र घोषित करता येतं. गडकरी साहेब २०२१ पासून हॉर्नमध्ये बासरी-तबला वाजवायच्या गोष्टी करतात. साहेब, बासरी राहू द्या, आहे त्या कायद्याची पावती फाडायला सांगा.

आणि पट्ट्या! गावाच्या तोंडाशी जाड पांढऱ्या पट्ट्यांचे थर मारतात, वेग कमी व्हावा म्हणून. अपघात टळतात, मान्य. पण त्या अगदी कुणाच्या तरी खिडकीसमोरच का? प्रत्येक एक्सल 'खडखडखड' करत जातो. त्याच पट्ट्या वस्तीच्या बऱ्याच अलीकडे, शेताच्या बाजूला मारल्या तर वेग तेवढाच उतरेल.

जंगलाचं नाव घेऊन कुणी डांबराची फाइल पुढे करील, म्हणून तेही बोलतो. नवेगाव आणि नागझिरा यांच्यामधून हा रस्ता जातो. प्राण्यांसाठी लागतात भुयारी मार्ग आणि भिंती, जसे पेंचजवळ महामार्ग ४४ वर केले. ऑगस्ट २०२३ मध्ये मुरदोलीच्या जंगलात, गोंदिया-कोहमारा रस्त्यावर, कारच्या धडकेत तरुण वाघ गेला. तो वेगाने मेला. शांत डांबराने वाचला नसता.

आता कामाचं. वरचा थर दर काही वर्षांनी नव्याने टाकावाच लागतो. निविदा निघाल्यावर ओरडून काही होत नाही, आवाजाचा मुद्दा त्याआधीच कागदावर आला पाहिजे. ग्रामपंचायत असेल तर ग्रामसभेत, देवरी आणि सडक अर्जुनीत नगरपंचायतीत ठराव घ्या. वस्तीलगतच्या मोकळ्या, वेगाच्या पट्ट्यात एसएमए. कामाआधी आणि कामानंतर रात्रीचा आवाज अधिकृत यंत्राने मोजून आकडे जाहीर करणं (मोबाईलचं ॲप पुरावा म्हणून चालत नाही). पट्ट्यांची जागा बदलणं. खड्डे आणि पुलांचे सांधे ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करणं, कारण निम्मी धडधड तिथलीच आहे.

ठराव राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या नागपूर कार्यालयाला पाठवा, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, पोच घ्या. पोचेचा फोटो मला इनबॉक्स करा. ज्या गावाचा येईल त्याचं नाव तारखेसह इथेच टाकतो, आणि ज्यांचा येणार नाही त्यांच्या सरपंचांना, नगराध्यक्षांना मी स्वतः फोन करून कारण विचारतो.