आवाज कोणाचा?

उत्पत्तीच्या २७ व्या अध्यायातील वृद्ध इसहाकाने याकोबाचा आवाज ओळखला होता. तरी हातांवरील करडांच्या कातड्यास भुलून एसावासाठीचा आशीर्वाद त्याने त्यालाच दिला.

सुरतेच्या बमरोलीत मागावर राबणाऱ्या आमच्या कुटुंबांवरही आज हाच प्रसंग ओढवतो. ऑनलाइन मागविलेल्या साडीचे पैसे परत देतो, असे सांगून कोणी ओटीपी व यूपीआय पिन मागतो, आणि महिन्याची मजुरी जाते. वाचकहो, पैसे घेण्यास पिन कधीच लागत नाही. आधारची प्रत द्यावीच लागली, तर शेवटचे चारच अंक दिसणारी द्यावी.

आवाजाची शंका येताच थांबावे. फसगत झालीच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकास कळवावे. इसहाकास आशीर्वाद परत घेता आला नाही. आपणांस मात्र, त्वरा केल्यास, पैसा वाचण्याची आशा असते.